एकोणीस टोप्यांवरची रेघ

६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि जिन्यातच बसले. पंचवीस वर्षांत काहीही बदललं नाही त्यात. 'र' अजून पाय घसरून पडल्यासारखाच. शाळेत आमच्या सिस्टरनी माझी बोटं पट्टीने सरळ केली, म्हणून मी तुझी करायला बसायचे, आठवतं? एकही सरळ झालं नाही.

चार ओळी लिहिल्यास, त्यातली एक 'बाबांना सांगू नकोस' ही. सांगितलं नाही. पत्र शिवणाच्या डब्यात ठेवलंय.

तुझ्या डॉक्टरांनी दिलेला फॉर्म चारदा वाचला. वडिलांचे केस कितव्या वर्षी विरळ होऊ लागले, गळणं पुढे वाढत गेलं की कुठे थांबलं, आईकडच्या पुरुषांचं काय. म्हणजे तूही त्या वाटेला लागलास तर. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस केस लावून घ्यायला निघतो, हे मला आधी गमतीचं वाटलं, मग वाटलं नाही. तू लिहितोस की गेली सहा वर्षं तुझं गळणं सावकाश झालंय, पण डॉक्टर म्हणतात, ते थांबलं नाही तर लावलेले केस बेटासारखे मध्येच राहतील आणि मागचं सगळं ओकंबोकं होईल. म्हणून घरातल्यांचा इतिहास हवा. २० एप्रिलला ऑपरेशन. हे सगळं मला कळलं.

पण उत्तर काय देऊ? बाबांचं खरं डोकं आपण कुणी पाहिलंय? आपल्याला कळायला लागलं तेव्हापासून केसांचा टोप. आत डोकं तुळतुळीत केलेलं, टोप नीट बसावा म्हणून. आणि तू गेलास त्या दिवसापासून टोप नाही, पण वस्तरा रोज. शहाऐंशीव्या वर्षीही सकाळी आंघोळीआधी साबण फासून तयार. केस कुठे उगवतात आणि कुठे नाही, हे ओळखायला त्या डोक्यावर काही शिल्लकच नसतं.

आईच्या वडिलांचं तर त्याहून कमी. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची. मला आठवते ती त्यांची लोकरीची टोपी आणि तिच्याखालचे कान.

एक जागा आहे शोधायची. शोधून लिहिते.

तू गेलास त्या दिवशी टोपांच्या दुकानात काय झालं ते मी पाहिलं नाही, मी आतल्या खोलीत होते. तुला माहीत असेलच. तरी लिहिलं.

तुझी
ताई

१५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

सापडल्या!

मापाच्या टोप्या. माळ्यावर तीन पत्र्याचे डबे होते, गिऱ्हाइकांच्या टोप्यांचे. तू दुकानातलं सगळं विसरला असशील, म्हणून सांगते. टोप करायला घेतला की आधी डोक्यावर मलमलीची पातळ टोपी घट्ट बसवायची, तिच्यावर पेन्सिलीने रेघ मारायची आणि त्या टोपीवरून लाकडी डोक्यावर जाळी बांधायची. दर गिऱ्हाइकाच्या टोपीला वेगळ्या रंगाचा दोरा. राजाचं काम करणाऱ्या नटाला लाल, त्याच्या प्रधानाला पिवळा, असं. घरच्या डोक्याला दोरा नाही. तिसऱ्या डब्याच्या तळाला बिनदोऱ्याच्या एकोणीस टोप्या निघाल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आतल्या बाजूला नुसते आकडे, एकपासून एकोणीसपर्यंत.

बाबांनी पहिला टोप घातला तो चोविसाव्या वर्षी, हे आईने मला सांगितलं होतं. दर दोन वर्षांनी नवा. म्हणजे पहिली टोपी चोविसाव्या वर्षाची, एकोणिसावी साठाव्या. बरोबर बसतं.

मी त्या कोमट पाण्यातून काढल्या, सावलीत वाळवल्या, आणि बाबा दुपारी झोपले तेव्हा एकात एक घालून खिडकीपाशी उजेडात धरल्या.

धाकट्या, कसं सांगू. एकोणीस रेघा एकदम दिसल्या. वाळूवर पाणी मागे सरकताना खुणा राहतात तशा. पहिली कपाळावर खाली, जवळजवळ सरळ. मग दोन्ही कोपरे आत आत जाताना दिसतात, डावा कोपरा उजव्याच्या बोटभर पुढे. मधे एक झुबका टिकून राहिलेला, तो जरा उजवीकडे कललेला. एका माणसाची छत्तीस वर्षं माझ्या दोन तळहातांत मावत होती. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यांची मापं घेतली, जाळीत एकेक केस आकडीने ओवला, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मला हात हलवायची भीती वाटली.

आता तुझं उत्तर. पंचविशी ते पस्तिशी रेघ भराभर मागे जाते. मग सावकाश. आणि तेराव्या टोपीपासून, म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षापासून, हलत नाही. तेरा, चौदा, पंधरा, पार एकोणीसपर्यंत सात टोप्यांची रेघ एकावर एक. मी सुईने टोचून पाहिलं, भोकंसुद्धा एकाच जागी.

म्हणजे बाबांचं थांबलं. तुझंही थांबेल असं वाटतं. डॉक्टरांना तसं लिही.

तू खूष झालास का? मी झाले, उगीचच.

ताई

२ मार्च

प्रिय धाकट्या,

हे पत्र मिळताच आधी दवाखान्यात फोन कर. मागचं पत्र चुकलं. तू उत्तरात लिहिलंस, 'मग ठरलं, तारीख पक्की करतो,' पण तोवर मला चूक कळली होती.

काय झालं ते क्रमाने लिहिते. टोप्या मी वरच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर ठेवून खाली दुकानात गेले होते. वर येऊन बघते तर बाबा खुर्ची ओढून बसलेले. हातात सातवी टोपी.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"कशाला?"

मला खोटं चांगलं बोलता येत नाही, शाळेचा दोष. सांगून टाकलं. तुझं पत्र आलं, तुझे केस चाललेत, डॉक्टर विचारतायत. तू नको म्हटलं होतंस. रागाव माझ्यावर.

त्यांनी टोपी माझ्यापुढे धरली. "दुकानात किती वर्षं काढलीस?"

"चाळीस."

"माणसाच्या केसांची रेघ आपण कशी काढतो?"

"तुटक."

"आणि टोपाची?"

"सलग."

"मग यावर तुटक रेघ दिसते का तुला? का चष्मा धुवायला टाकलाय?"

धाकट्या, मी स्वतः हजारो टोप्यांवर दोन दोन रेघा मारल्या आहेत. माणसाच्या स्वतःच्या केसांची तुटक, त्याला करून द्यायच्या टोपाची सलग. नव्या मुलीला पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. आणि बाबांच्या एकोणीसच्या एकोणीस टोप्यांवर फक्त सलग रेघ आहे, हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. डोळे भरलेले असले की असं होतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतेय.

मी तुला बाबांच्या केसांचा इतिहास पाठवलाच नाही. बाबांच्या टोपांचा पाठवला.

"म्हणजे टोपाला टक्कल पडत होतं?" मी विचारलं.

"पाडत होतो मी. साठ वर्षांच्या माणसाच्या कपाळावर विशीतले केस दिसले की शेंबडं पोरही ओळखतं. दर टोपाला रेघ थोडी मागे घ्यायची. लोक म्हणायचे, चला, याचेही केस चालले. म्हणजे टोप जमला."

मला हसूही आलं आणि अंगावर काटाही. हा माणूस एका हाताने केस ओवत होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं टक्कल विणत होता. आणि शेजारीपाजारी त्याला तेलं सुचवत होते!

मग मी विचारलं, तुमचे खरे कधी गेले. हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं. चोविसाव्या वर्षी, लग्नानंतरच्या हिवाळ्यात. आधी बटणाएवढा एक गोल चट्टा, मग दुसरा, मग उशीवर पुंजके. दीड महिन्यात सगळं डोकं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की हा वेगळाच आजार आहे, बापाकडून मुलाकडे हळूहळू येणारं टक्कल ते हे नव्हे.

तेव्हा तुझ्या फॉर्मवर लिही: वडिलांवरून काही सांगता येत नाही.

अजून एक लिहायचं राहिलंय, ते लिहिते. मी त्या दिवशी आतल्या खोलीत नव्हते. दारात होते. नट मंडळी बसली होती, तू दुकान सोडून दुसरं काम धरायचं म्हणत होतास, आणि बाबा तुझ्या कपाळाकडे बघून म्हणाले, "जा की. पण केसांसाठी परत इथेच यावं लागेल. घरचा टोप फुकट." त्यावर सगळ्यात आधी हसले ती मी. मग बाकीचे. मग तू पुढे होऊन त्यांचा टोप ओढलास.

तू पंचवीस वर्षं त्या हसणाऱ्यांत मला धरलंस की नाही, मला माहीत नाही. धर.

ताई

१३ मार्च

प्रिय धाकट्या,

तारीख रद्द केली नाहीस, पुढेही ढकलली नाहीस, असं लिहिलंस. 'थांबो की वाढो, मला करायचंच आहे. ताई, आरशात बाबा दिसतात. दाढी करताना रोज सकाळी ते माझ्याकडे बघतात. मला ते पुसून टाकायचेत.' आणि सोबत फोटो. दवाखान्यातला, वरून काढलेला, कपाळापासून टाळूपर्यंत. चेहरा नाही. एवढ्या वर्षांनी भावाचा फोटो यावा आणि त्यात चेहरा नसावा. पण मी मापं घेणारी बाई. मला डोकं पुरतं.

फोटो बघता बघता मी उठून उभी राहिले.

डावा कोपरा उजव्याच्या बोटभर पुढे. मधला झुबका उजवीकडे कललेला.

मी बाबांना हाक मारली. पत्र दाखवलं नाही, फोटो दाखवला. त्यांनी तो नाकाशी धरला, लांब धरला, उलटा केला. मग म्हणाले, "बारावी आण. तेरावीही." बारावी शेहेचाळीस वर्षांची, तेरावी अठ्ठेचाळीसची. मी कोऱ्या मलमलीवर फोटोतली रेघ बेतून काढली.

"फोटोवरून माप घेतात का कुणी?" ते करवादले. "शिकवलं काय मी तुला?"

"बघा तर."

एकात एक घातल्या. उजेडात धरल्या. तुझी रेघ बारा आणि तेराच्या मधोमध. तुला सत्तेचाळीस चालू आहे.

बाबा खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं त्यांना काही होतंय. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मग एकच शब्द बोलले, "मास्तर."

मास्तर म्हणजे आईचे वडील. बाबा त्यांच्याकडेच हे काम शिकले, आणि सासरे झाल्यावरही मास्तरच म्हणत राहिले. आता ऐक. मास्तरांनी विसाव्या वर्षापासून स्वतःच्या डोक्याच्या टोप्या काढून ठेवल्या होत्या. शिकणाऱ्याला दुसरं डोकं कोण देणार, म्हणून स्वतःचं. त्यांच्यावर तुटक रेघ, खऱ्या केसांची. बाबांचे केस गेले तेव्हा मास्तर साठीचे. नवा जावई तोंड लपवून घरात बसलेला. मास्तर आले आणि टोप्यांचं बोचकं पुढ्यात टाकून म्हणाले, "यातली चोविसाव्या वर्षाची घे, आज तिच्यावरून टोप कर. दोन वर्षांनी पुढची घे. माझं सगळं म्हातारपण यात आहे, ते तुला दिलं. जपून खर्च कर."

मास्तरांच्या टोप्या पुढे कसरीने खाल्ल्या. पण तोवर बाबांनी एकेक रेघ स्वतःच्या टोपीवर उतरवली होती. सलग. ती मी पाहिली.

बघ, किती लांबून फिरून आलं हे! आईने तिच्या वडिलांचं डोकं पोटात जपून तुला दिलं, एक शब्द न बोलता, तिला तरी कुठे ठाऊक. आणि बाबांनी तेच डोकं मलमलीवरून उचलून स्वतःच्या कपाळावर वागवलं. दोघं एकाच घरात, एकाच माणसाची रेघ दोन वाटांनी चालवत होते. तू लहानपणी ज्यांना बाबांचे केस समजलास, आरशात जे तुझ्याकडे बघतात, ते आजोबा आहेत. तू त्यांना पाहिलंही नव्हतंस.

मी टेबलाची कड धरून उभी होते. शाळेत प्रार्थनेला गुडघे टेकायचे, तेव्हा सिस्टर म्हणायच्या, शब्द आठवले नाहीत तर नुसतं गप्प राहा, तेही पोचतं. कालची दुपार तशी गेली.

फॉर्मवर तिसऱ्या प्रश्नापुढे लिही: आईच्या वडिलांचं गळणं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबलं, सदुसष्टाव्या वर्षी गेले तोवर रेघ तिथेच होती. बाबा साक्षीदार आहेत. पण डॉक्टरांना हेही सांग की आजोबांसारखं आतापर्यंत झालं म्हणून पुढेही तसंच होईल, असं घरातलं कुणी लिहून देत नाही. एकदा मी दिलं आणि तोंडावर आपटले.

तू पुसायचं म्हणतोस. पूस, डोकं तुझं आहे. पण कुणाला पुसतोयस ते तरी आता माहीत असू दे.

ताई

३० मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र येण्याची वाट न बघता लिहितेय. घरात काहीतरी झालंय.

तुझा फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा सकाळी आंघोळीला गेले आणि वस्तरा तसाच कोरडा परत आला. मला वाटलं विसरले. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी विचारलं.

"त्याला खरं काय ते बघायचंय ना?" म्हणाले. "माझं तर मीही बघितलेलं नाही. बासष्ट वर्षं झाली."

चार दिवसांनी डोक्यावर राख भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं. आठ दिवसांनी मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि मागून उजेड आला तेव्हा वाकून बघितलं. केस आहेत, धाकट्या! पांढरे, लोकरीसारखे बारीक. सगळीकडे नाहीत. टाळूवर दोन गोल जागा कोऱ्या, एक उजव्या कानामागे. पण कपाळावर, जिथून टोपाची रेघ दर टोपीला मागे मागे नेली होती, तिथे एक खालची, सरळ, दाट रेघ. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला शाळेतल्या मुलाचं कपाळ. मास्तरांची रेघ नव्हे, तुझी नव्हे. बाबांची स्वतःची. आईनेसुद्धा लग्नाच्या वर्षानंतर ती पाहिली नव्हती.

"कधी परत आले हे?" मी विचारलं.

"काय ठाऊक. तीस वर्षांपूर्वी, चाळीस. हाताला लागायचं कधी कधी, खरखरीत."

"मग वाढवून का नाही बघितलं?"

त्यांनी आरसा मागितला, पण घेतला तेव्हा पालथाच मांडीवर ठेवला. "परत गेले असते तर? एकदा उशीवरून गोळा केलेत. पुन्हा आशा नको वाटायची. म्हणून वस्तरा फिरवायचो."

आणि मग, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी मी त्याच्या कपाळावरून बोललो ना, ती थट्टा नव्हती गं. त्याचे सरकायला लागलेले दिसले आणि मला वाटलं, याचंही माझ्यासारखंच होणार, दीड महिन्यात. घाबरलो होतो. चार माणसांत घाबरल्यासारखं दिसू नये म्हणून हसवलं."

हे मी त्यांना न विचारता तुला लिहितेय. या घरातली माझी ही दुसरी चहाडी.

आज सकाळी त्यांनी नवी मलमल काढायला लावली. मी टोपी बसवली. बोटांखाली ते केस दबत होते, पिलाच्या पिसांसारखे. पेन्सिल घेतली. तुटक रेघ काढली. मास्तरांनंतर घरच्या डोक्यावर काढलेली पहिली तुटक रेघ. आत आकडा घातला, वीस.

टोपी बघून ते म्हणाले, "वाकडी आलीये."

"डोकंच तसं आहे," मी म्हटलं. त्यावर खो खो हसले. मग आरसा सरळ केला आणि खूप वेळ बघत बसले. दुकानात शिकणारी मुलगी काही विचारायला आली, तिला मी दारातूनच खूण करून परत पाठवलं.

दुपारी खाली उतरून त्यांनी मोठ्या आरशापुढची खुर्ची पुसली. शेजारी कोरी मलमल, दोन पेन्सिली टोक करून. मी विचारलं, कुणाचं माप आहे. त्यांनी खुर्ची उजेडाकडे वळवली. संध्याकाळी मी तुझ्या २० तारखेची आठवण केली. म्हटलं, तो काय करायचं ते करेल, पण त्याआधी तुम्ही त्याला दोन ओळी लिहा. म्हणाले, मला लिहिता येत नाही असलं, तूच लिही. काय लिहू? तर टेबलावर पडलेला तुझा फोटो उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

"हा परत पाठव. मी फोटोवरून माप घेत नाही. डोकं घेऊन ये म्हणावं."

फोटो सोबत जोडला आहे.

ताई